शेण कुणाचं?

लोणंदहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचा एस.टी. थांबा होता. थांबा म्हणजे पत्र्याची एक पाटी. पाटीच्या थोडं पुढं एक बाभूळ होती आणि सुभेदार गाडीची वाट पाहायला त्या बाभळीखाली उभे राहायचे. पाटीवर 'येथे गाडी थांबेल' असं लिहिलं होतं, हीच त्यांची अडचण. 'गाडी कुटं थांबवायची ते डायवर ठरवंल. मी कुटं हुबारायचं ते मी ठरवीन,' असं ते म्हणायचे. सुरुवातीला ड्रायव्हर पाटीशी थांबून तसेच निघून जात, आणि सुभेदार कोर्टात खटला जिंकल्यासारखे प्रसन्न चेहऱ्यानं घरी परत येत. पुढं ड्रायव्हरच कंटाळले आणि बाभळीशी गाडी थांबवू लागले. मग सगळं गाव बाभळीखाली उभं राहू लागलं. शेवटी एस.टी.च्या माणसांनी येऊन पाटी उपटली आणि बाभळीला ठोकली. दुसऱ्या दिवसापासून सुभेदार पाटीच्या जुन्या जागी, भर उन्हात उभे राहू लागले.

हे गृहस्थ माझे घरमालक होते. मी नुकताच ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागलो होतो, सांगलीकडचा, आणि या भागात माझ्या ओळखीचं असं कुणी नव्हतं. खोली बघायला गेलो तेव्हा सुभेदार ओसरीवर पायाच्या अंगठ्यात सुंभ धरून दावं वळत बसले होते. मी भाड्याचं विचारलं.

"भाडं आमची मालकीन सांगंल," ते म्हणाले. "माजी अट येगळी हाय. रोज दिवेलागणीला हितं बसून माज्यासंगं भांडायचं."

"कशावरून?"

"ते रोजचं रोज बगू."

सुभेदार हे खरं तर सुभेदार नव्हते. पलटणीतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. वरची बढती गावानं दिली होती, त्यामुळं ती काढून घ्यायचा अधिकारही कुणाला नव्हता. उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशा अगदी सरळ कापलेल्या. पलटणीतून त्यांनी एक पितळी मग, खाकी स्वेटर आणि रस्सीखेचीचा एक नियम घरी आणला होता. रस्सीखेचीत एक डाव झाला की दोन्ही संघ बाजू बदलतात. सुभेदारांनी हा नियम भांडणाला लावला होता. वाद ऐन रंगात आला, की ते फाडकन टाळी वाजवत आणि ओरडत, "बाजू पलटा!" मग आतापर्यंत मी जे म्हणत होतो ते त्यांनी म्हणायचं आणि ते जे म्हणत होते ते मी. म्हैस भली की गाय, शाळेत छडी असावी की नसावी, उसानं गावाचं भलं झालं की वाटोळं, अशा किती विषयांवर मी दोन्ही बाजूंनी हरलो आहे.

"ह्येंना भांडायला कोन न्हाई गावलं तर आरशाम्होरं बसत्यात," काकी आतून म्हणायच्या.

काकी म्हणजे त्यांची बायको. बुटक्या, गोऱ्या, आणि डोळे कायम लाल. मी आधी समजलो की बाई फार रडत असणार, असल्या नवऱ्यापायी रडतही असेल बिचारी. नंतर कळलं की तो चुलीचा धूर होता. स्वयंपाकघराला एकच झरोका, आणि तोही गोठ्याच्या बाजूला. सकाळी त्या भाकरी करायला बसल्या की खोकल्याची उबळ मला माझ्या खोलीत ऐकू यायची. लोणंदच्या डॉक्टरनं थेंब दिले होते आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. "मी म्हनलं, डाक्टर, लांब ऱ्हाते की. भाकरी थापाया तुमी येता व्हय?" काकी हे हसत सांगायच्या, पण हसता हसता त्यांना पुन्हा खोकला यायचा.

काकींची एक सत्ता मात्र सुभेदारांनाही मान्य होती. शेण. आमच्या गावात बैल पुरुषाचा, रान पुरुषाचं, पण शेण बाईचं. त्याच्या शेण्या थापायच्या, घरच्या चुलीला ठेवून उरलेल्या लोणंदच्या बाजारी विकायच्या आणि त्याचे पैसे बाईनं कनवटीला लावायचे. त्याचा हिशेब तिला कुणी विचारायचा नाही. गायरानात तर याचे कायदे फार कडक होते. चरायला आलेल्या जनावरानं शेण टाकलं, की जी बाई त्यात आधी काडी रोवील तिचं ते. काडी रोवून ती दिवसभर कुठंही जाऊ दे, त्याला कुणी हात लावायचा नाही. गावात बांधावरून डोकी फुटलेली मी पाहिली, पण काडीवरून कधी तंटा झालेला ऐकला नाही. एकदा सुभेदारांनी काकींना न विचारता गोठ्यातलं शेण फावड्यानं पाट्या भरून रानातल्या खताच्या खड्ड्यात नेऊन टाकलं. काकी भांडल्या नाहीत. त्यांनी त्या रात्री भाकरी केली आणि ताटात कोरडी वाढली. शेजारी कालवणाची वाटी होती, ती रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार शेजारणीकडून शेण उसनं आणून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकताना दिसले.

ते दिवस महागाईचे होते. रॉकेल रेशनवर, तेही रांगेत उभं राहून. डोंगराकडची झाडं सरपणासाठी तुटत चालली होती. अशात गोबरगॅसचं वारं सुटलं. शेण आणि पाणी कालवून जमिनीतल्या टाकीत सोडायचं, वर लोखंडी टोपण, टोपणात गॅस साठतो, तो नळीनं शेगडीत येतो. शिरवळच्या बाजूला कुणा पाहुण्यानं तो बसवला होता. सुभेदार तो बघायला गेले आणि संध्याकाळी भारावून परत आले. वाद घालायचंही विसरले. गोठ्यामागं जाऊन काठीनं जमिनीवर गोल आखला आणि काकींना हाक मारून दाखवला.

"दिवाळीपत्तुर बसवू," ते म्हणाले.

काकींनी त्या गोलाकडं नुसतं पाहिलं. नंतर मी एकटा असताना त्या माझ्या दारात आल्या.

"भाऊसायेब, त्या गॅसला धूर येतो का?"

"नाही येत, काकी."

"जरासाबी?"

"जरासुद्धा नाही."

"मग येऊ दे बया लवकर," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या गोठा झाडताना सुभेदारांच्या गोलावर केरसुणीसुद्धा फिरवायच्या नाहीत.

आणि नेमका तेव्हा वरून आदेश आला. चार किंवा जास्त मोठी जनावरं असतील त्या प्रत्येकानं गोबरगॅस बांधलाच पाहिजे. काही रक्कम सरकार देईल, बाकीचं कर्ज. बांधणार नाही त्याला सिमेंटचा परवाना मिळणार नाही. त्या काळात सिमेंट परवान्यावरच मिळायचं, म्हणजे ज्याची भिंत पडली त्यानं ती गॅस बांधेपर्यंत पडलेलीच ठेवायची. गावागावाला उद्दिष्ट ठरवून दिलं होतं आणि ते पुरं करायची जबाबदारी ग्रामसेवकावर. मी ते पत्र भीतभीत सुभेदारांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, उठले, गोठ्यामागं गेले आणि आखलेला गोल पायानं पुसून टाकला.

त्या रात्रीचा आमचा वाद मला अजून आठवतो.

"चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला," ते म्हणाले. "शेण माज्याकडं हाय. पन टाकीला शिमिट, टोपणाला लोखंड, गवंडी, नळी. कर्ज माज्या बोडक्यावर. आन् सरकार पैसं देतंय म्हंजी कुणाचं देतंय? ज्येच्या घरी एक शेळी हाय, त्योबी काडेपेटी इकत घेतोय. त्या काडेपेटीवर कर भरतोय. त्येचा पैसा घिऊन आट म्हशीवाल्याला गॅस! शेळीवाल्याला काय, वास?"

मी रॉकेलचं सांगितलं, तुटलेल्या झाडांचं सांगितलं, टाकीतून निघणाऱ्या मळीचं खत शेणखताहून सरस असतं हे सांगितलं. आतून खोकला ऐकू आला, तेही सांगणार होतो. तेवढ्यात टाळी वाजली.

"बाजू पलटा!"

आणि सुभेदार माझ्या बाजूनं बोलू लागले. "आरं, तुला लहानपनी देवीची लस टोचली तवा काय इचारून टोचली व्हय? सक्तीनंच टोचली. म्हनून तुजं त्वांड गुळगुळीत हाय. समद्यांला पटंपत्तुर थांबलं असतं तर निम्मं गाव मसनात गेलं असतं. पैला खर्च डोळ्यांत भरतो रं, पन फुकट मिळतंय ते सरपण कुटं फुकट हाय? डोंगर बोडका झाल्यावर त्येचं बिल कोन भरनार?"

मी इतका खूश झालो की माझी, म्हणजे त्यांची, बाजू मांडायचं विसरून गेलो. "मग बांधू या ना सुभेदार!" म्हणालो.

"छ्या!" ते म्हणाले. "ते बोलन्यापुरतं. आदेशावर माज्या घरात काय बी हुनार न्हाई. ह्यो आदेश दिवाळीनंतर आला असता तर तवर बसवून बसलो असतो."

आतला खोकला थांबला होता. काकी ऐकत असाव्यात.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. तालुक्याहून एक साहेब आले होते. पुरुष पुढं सतरंजीवर, बायका मागं भिंतीकडेला. गावानं सुभेदारांना पुढारी केलं होतं, पण गावाला एकच धास्ती होती. मोठ्या शेतकऱ्यांपैकी चौघं सकाळी घरी येऊन हात जोडून गेले होते, "सुभेदार, आज तेवडी बाजू पलटू नगा." सुभेदारांनी शब्द दिला होता. बोलून झाल्यावर आपल्या हातांचा भरवसा नाही म्हणून ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

भाषण झकास झालं. ते साहेबांना म्हणाले, "सायेब, गॅस चांगला हाय का वाईट, ह्यो सवाल न्हाई. चांगला हाय तर आमी घिऊ. आमाला अक्कल हाय. पन तुमी म्हनताय, गॅस बांध न्हाईतर तुजी पडकी भित तशीच ठेव. आवं, भितीचा आन् शेणाचा काय सोयरसंबंद?"

पटांगण हसलं. साहेबही हसले आणि मग हसल्याबद्दल गंभीर झाले. त्यांनी देशाचं परकीय चलन सांगितलं, रॉकेल समुद्रापलीकडून येतं हे सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं की या टाकीला संडास जोडतात म्हणे, खरं काय? साहेब म्हणाले, जोडता येतो, पण सक्ती नाही. एवढं एक वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं. भाकरी कशावर भाजणार या विचारानं पुढच्या दोन रांगा एकदम उठून उभ्या राहिल्या.

ठराव मला लिहायला लागला. 'आमच्या गोठ्यातील शेण आम्ही सक्तीच्या गॅसला देणार नाही.' पुरुषांचे झाडून सगळे हात वर गेले. सुभेदारांनी मांडीखालचा एक हात काढून वर केला आणि पुन्हा मांडीखाली घातला. माझ्या उद्दिष्टाचं काय होणार ते मला दिसत होतं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "भाऊसायेब, वाईच त्यो ठराव परत वाचा."

काकी उभ्या होत्या. ग्रामसभेत बाई उभी राहिलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी ठराव वाचला.

"त्यात शेण कुणाचं म्हनून ल्हिलंय?"

"'आमच्या गोठ्यातील' असं लिहिलंय. म्हणजे गोठ्याच्या मालकाचं."

"गोठा मालकाचा. पन शेण कुणाचं?" काकींनी पुढच्या रांगांकडं पाहिलं. "हितं हात वर केलेल्या मानसांत कुनी कवा शेणात हात घातलाय? घातला आसंल त्येनंच हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. मागं बायकांत खसखस पिकली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आता गं बया! आमची काडी आन् ह्येंचा ठराव!"

यावर वाद घालायची सोयच नव्हती. शेण बाईचं, हे प्रत्येकाच्या आजीपासून चालत आलेलं होतं. साहेबांनी घाईघाईनं त्यांचा छापील अर्ज चाळला. त्यात जमीनधारकाचं नाव होतं, बापाचं नाव होतं, जनावरांची संख्या होती. शेण कुणाचं, हे विचारायचं आदेश काढणाऱ्यांना सुचलं नव्हतं आणि विरोध करणाऱ्या सुभेदारांनाही.

"बाई, म्हणजे तुमचा गॅसला विरोध आहे की पाठिंबा?" साहेबांनी विचारलं.

"सक्तीला इरोद हाय," काकी म्हणाल्या. "आमचं ह्ये बोललं ते बराबर हाय. दमात घिऊन कुनी अमृत दिलं तरी घिऊ ने. पन मला गॅस पायजे. मला धुराचा लय तरास हाय. आन् घ्यायचा का न्हाई ते मी सांगनार. ह्येंनी सांगायचं न्हाई आन् तुमीबी न्हाई."

एवढं बोलून बसतील असं वाटलं. पण त्या पुन्हा खोकल्या, पदर तोंडाशी धरला आणि उरलेलं बोलल्या. "आनि येक. शेण्या इकून चार पैसं माज्या हातात येत्यात. शेण टाकीत गेलं की ते ग्येलं. तुमच्या हिशोबात शिमिट हाय, लोखंड हाय, ह्ये न्हाई. म्हनून टाकीतनं मळी निगंल ती माजी. ज्याला रानात घालायची आसंल, त्येनं माज्याकडनं इकत न्यावी."

सगळं पटांगण सुभेदारांकडं वळलं. रान त्यांचं, खत त्यांना लागणार. त्यांचे हात अजून मांडीखालीच होते. मिशा थरथरत होत्या. मला वाटलं, आता स्फोट होतो. पण ते साहेबांकडं वळून म्हणाले, "मुद्देसूद मांडलंय. ल्हून घ्या." त्यांच्या आवाजात अभिमान होता. पलटणीतल्या कुणा जवानाचा नेम अचूक बसल्यावर ते याच आवाजात बोलत असावेत.

मी दुसरा ठराव लिहिला: शेण ज्यांचं, निर्णय त्यांचा. त्यावर बायकांचे अंगठे उठले. दोन्ही ठराव वर गेले. सक्तीचं पुढं काय झालं ते कुणी कळवलं नाही, पण सिमेंटचे परवाने पूर्वीसारखे मिळू लागले. गावात गॅस बसले, कुणी सांगितलं म्हणून बसले असते त्यापेक्षा बरेच जास्त.

काकींच्या टाकीचा खड्डा सुभेदारांनी स्वतः खणला. पलटणीत खंदक खणावा तसा, कडा ताशीव, माती एका बाजूला ढीग करून. कर्जाच्या कागदावर सही केली. टोपण आलं तेव्हा गाडीच्या पुढं चालत आले. आणि ज्या दिवशी शेगडीत निळी ज्योत पेटली, त्या दिवशी त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, पितळी मग आणि एक तवा घेतला आणि जाहीर केलं, "माजं जेवान मी हितं करनार."

"अहो, आता सक्ती कुठं राहिलीय?" मी म्हणालो.

"आता न्हाई. पन हुती तवा मी भर सभंत न्हाई म्हनलो. हात वर केला. आता त्याच गॅसवरची भाकरी मोडली तर लोक काय म्हनतील?"

"लोक काय बी म्हननार न्हाईत," काकी आतून म्हणाल्या. "लोक हसत्यात."

लोक खरंच हसायला यायचे. सुभेदारांच्या भाकरीला एकही बाजू गोल नसायची. मी काकींकडं जेवायचो, आतल्या पाटावर, आणि दारातून ते अंगणात उकिडवे बसलेले दिसायचे. काकींचा खोकला कमी होत चालला होता. डोळ्यांचा लाल रंगही ओसरत होता, आणि त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग झडीचे दिवस आले. सुभेदारांनी तीन दगड उचलून गोठ्याच्या पडवीत नेले. सरपण ओलं, वारा फिरलेला, धूर बाहेर जायला तयार नाही. त्या दिवशी काकींनी नुकतं माझं ताट वाढलं होतं. पडवीतून फुंकणीचा आवाज येत होता, मग खोकला, मग तवा पडल्याचा आवाज. सुभेदार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोळे लालभडक, मिशांवर राख, गालांवरून पाणी वाहतंय आणि हातात अर्धी कच्ची, अर्धी करपलेली भाकरी.

आधी त्यांनी खोकल्याची उबळ ओसरू दिली. मग म्हणाले, "अगं, ह्ये आसं रोज?"

"रोज," काकी म्हणाल्या. त्या पुढची भाकरी थापत होत्या.

"येवडी वर्सं?"

"व्हय."

"आन् तू कवा बोलली न्हाईस ती?"

काकींचा हात परातीत थांबला. "बोलले हुते की. लगीन झाल्यावर, तुमी पैल्यांदा सुट्टीवर आला तवा. तुमी म्हनला, मुद्दा काय हाय त्यो सांग. मला खोकला आला. तवर तुमी उठून गेला."

मी घास तोंडात तसाच धरून सुभेदारांकडं पाहत राहिलो. हा माणूस कुठल्याही बाजूनं बोलू शकत होता. आता ते दाराच्या चौकटीला धरून हातातल्या करपलेल्या भाकरीकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाहत होतं आणि ते सगळं धुराचंच होतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

ते मागं वळले. पडवीत जाऊन मगातलं पाणी त्यांनी विस्तवावर ओतलं. चर्र झालं ते आम्हाला ऐकू आलं. मग हात धुऊन आत आले आणि माझ्या शेजारी पाट ओढून बसले. काकींनी शेगडीवरची भाकरी तव्यावरून उतरवून ज्योतीवर धरली, ती टम्म फुगली. ती हातात धरून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

"वाढ," सुभेदार म्हणाले.